प्रश्न तोच, दुभाष्या नवा

माहितीचा साठा आणि त्याला प्रश्न विचारणारा माणूस यांच्यामध्ये संगणकात एक दुभाष्या बसलेला असतो. आपला प्रश्न तो साठ्याला समजेल असा सांगतो आणि उत्तर परत आणतो. अशा दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. साठा तोच, प्रश्न तोच, केवळ मधली यंत्रणा बदलली आणि उत्तर बिघडले, असे होते काय? होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी एक दुरुस्ती पाठविली आणि ‘ॲक्सेस’मध्ये वर्षानुवर्षे विनातक्रार चालणाऱ्या, नोंदी बदलण्याच्या साध्या आज्ञा एकाएकी अडल्या. पडद्यावर ३३४० क्रमांकाची चूक येई : तुमचा प्रश्नच बिघडलेला आहे! वास्तविक प्रश्न धडधाकट होता. त्या दुरुस्तीची दुरुस्ती मग त्या व पुढच्या महिन्यात आली.

तरी हा बिघाड मी सज्जन म्हणेन, कारण तो ओरडला. मराठीच्या वाट्याला आलेला बिघाड मुका आहे.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. साधा र २३५२ वा. पण ‘दऱ्या’मधला, डोळ्याच्या पापणीसारखा आडवा र आपल्याला वेगळा लागतो, तो नसेल तर आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसावे लागेल! १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये तो लिहिण्याची रीत अशी : साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. पुढे, इस्की या भारतीय मानकाला धरून, २३५३ व्या ऱ चा पाय मोडण्याची रीत पुढे आली. जुनी रीत मागील लिखाणाच्या सोयीसाठी राहिली.

छापल्यावर दोन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच दिसतात. क्रमांक पाहून तुलना करणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. कळफलकालाही ड्रायव्हर असतो. नवा ड्रायव्हर दुसऱ्या रीतीने र उमटवू लागला, की काल सापडणारे नाव आज सापडत नाही. चूक दाखविली जात नाही. फक्त ‘शून्य नोंदी’.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. खिडकीवर ‘यादीत नाव नाही’ असे सांगितले, की आमच्याकडची माणसे मुकाट्याने घरी परततात. यंत्राने नीट शोधले नसेल, ही शंका त्यांना शिवतही नाही. ३३४० सारखी चूक आली असती तर निदान कारकून तरी खुर्चीतून उठला असता! आणि हा र कोठे कोठे येतो पाहा : शेतकऱ्यांची यादी, सातबाऱ्याचा उतारा, गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडे.

उपाय अवघड नाही. नोंद साठविताना आणि प्रश्न विचारताना, दोन्ही वेळी यंत्रानेच सगळे र एका रीतीत आणून घ्यावेत. ही व्यवस्था नसेल तेथे ‘वऱ्हाडे’ न सापडल्यास शब्दाचा नुसता तुकडा, ‘हाडे’, टाकून शोधावे. हाडे दोन्हीकडे सारखीच आहेत.