शिसपेन्सिलीत नसलेलं शिसं

कंपासपेटीतून शिसपेन्सिल काढा आणि तिचं टोक नीट निरखून पाहा. नाव शिसपेन्सिल, पण आत शिशाचा कणही नाही! ते काळं टोक ग्राफाइटचं असतं. हिरा ज्या कार्बनचा बनतो, त्याच कार्बनचं. पूर्वी लोकांना ते शिसंच वाटायचं आणि मग नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हा पेन्सिलीचं टोक हाताला टोचलं तर शिशाची भीती बाळगू नका.

खरं शिसं होतं भलतीकडेच. तुमचे आजी-आजोबा तरुण होते ना, तेव्हा ते रस्त्यावरच्या हवेत होतं. मुंबईच्या, लंडनच्या, न्यूयॉर्कच्या. श्वासाबरोबर रोज आत जायचं. आणि गंमत अशी, की ज्या शास्त्रज्ञानं त्याचा छडा लावला, तो हवेचा अभ्यास करतच नव्हता. तो शोधत होता पृथ्वीचं वय.

त्यांचं नाव क्लेअर पॅटरसन. १९४८ साली ते शिकागो विद्यापीठात शिकत होते. गुरूंनी त्यांना काम दिलं, दगडातलं शिसं मोजायचं. शिशावरून वय कसं कळणार? पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र वापरायचे, ते आठवा. तांब्याची छोटी वाटी, तळाला बारीक भोक. ती पाण्यावर तरंगत ठेवायची. भोकातून ठरलेल्या वेगानं पाणी आत येतं. वाटी बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दगडातलं युरेनियमही असंच ठरलेल्या वेगानं शिसं होत जातं. वाटीत किती ‘पाणी’ जमलंय ते मोजा, की किती काळ लोटला ते सांगता येतं.

पण समजा, मांडवातल्या पोरांनी पाणी उडवलं आणि बाहेरचे चार थेंब वाटीत पडले, तर? घटका चुकलीच!

पॅटरसन यांचं नेमकं तेच होत होतं. दगडात असायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं निघायचं. त्यांनी टेबलं पुसली, फरशी घासली, काचेची भांडी आम्लानं धुतली. तरी शिसं हजर! ते नळाच्या पाण्यात होतं, भिंतीच्या रंगात होतं, धुळीत होतं, त्यांच्या स्वतःच्या केसांत आणि कपड्यांत होतं. शेवटी कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथे त्यांनी एक वेगळी खोलीच उभी केली. आत येणारी हवा गाळून यायची. खोलीतला हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवलेला, म्हणजे दार उघडलं तरी आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची धूळ आत येणार नाही. अशी जिवापाड स्वच्छता राखून त्यांनी पृथ्वीबरोबरच घडलेल्या उल्कांच्या तुकड्यांतलं शिसं मोजलं. त्यातली एक उल्का अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात आदळलेली; तिथे आपल्या लोणारसारखंच विवर आहे. १९५६ साली उत्तर छापून आलं. पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं! इतक्या वर्षांत तो आकडा फारसा हललेला नाही.

एवढा मोठा शोध लावल्यावर दुसरं कुणी निवांत बसलं असतं. पॅटरसन यांना मात्र ते बाहेरचे थेंब स्वस्थ बसू देईनात. ते उडवत होतं कोण?

मोटारी. गाडीच्या इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटलं की टकटक आवाज येतो, गॅरेजवाले त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. १९२१ साली थॉमस मिजली या अमेरिकी इंजिनिअरला कळलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थोडंसं घातलं की ही टकटक थांबते. ते शिसं इंजिनात साचून बसू नये म्हणून त्याच्या जोडीला ब्रोमीनचं संयुगही घालायचे. मग शिसं धुराबरोबर सायलेन्सरमधून अगदी बारीक कण होऊन बाहेर पडायचं. इंजिन स्वच्छ राहायचं आणि सगळी घाण हवेच्या वाट्याला यायची. हे विष आहे हे तेव्हाही ठाऊक होतं. १९२४ साली न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार दगावले. डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी पुढच्याच वर्षी बजावून सांगितलं, की हे रस्त्यावर आणू नका. त्यांचं कुणी ऐकलं नाही. मला या गोष्टीचं आजही फार वाईट वाटतं.

आता आपण त्या कणाच्या मागोमाग शरीरात शिरू. तुमच्या डोक्यावरचा एक केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. बातम्यांत ‘पीएम २.५’ ऐकता ना, ते कण जास्तीत जास्त अडीच मायक्रोमीटरचे. केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस शेजारी शेजारी मावतील. धुरातलं शिसं बहुतेक वेळा याहूनही बारीक.

जाडी धूळ नाकातच अडते. वाहनांच्या गर्दीतून घरी आल्यावर रुमाल काळा होतो, ती हीच धूळ. म्हणजे ती पकडली गेली, छान झालं! त्यातून सुटलेले कण श्वासनलिकेतल्या चिकट थराला चिकटतात, आणि तिथले सूक्ष्म केसर रात्रंदिवस खालून वर झाडू मारत त्यांना घशाकडे ढकलत राहतात. पण अगदी बारीक कण हवेबरोबर अलगद वळणं घेत थेट तळाशी पोचतात, वायुकोशांत. हे कोट्यवधी इवले फुगे. त्यांची भिंत इतकी पातळ, की तिच्यातून ऑक्सिजन सहज रक्तात जातो. इथे झाडूवाले केसर नाहीत. आहेत त्या कण गिळणाऱ्या पेशी, पण त्यांचं काम सावकाश चालतं. तोवर शिसं विरघळून रक्तात उतरलेलं असतं.

रक्तात गेल्यावर आपलं शरीर चक्क फसतं! शिसं कॅल्शियमचं सोंग घेतं. हाडांना वाटतं कॅल्शियमच आलं, ती त्याला घरात घेतात, आणि मग ते तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडताना कॅल्शियमची मदत घेतात. तिथेही हा सोंगाड्या घुसतो आणि निरोपांत गोंधळ घालतो. मोठ्या माणसांचा रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं बिघडतात. पण सगळ्यात मोठं नुकसान मुलांचं होतं, कारण त्यांचा मेंदू अजून घडत असतो. शिशाची सुरक्षित अशी मात्राच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शिसं विकणाऱ्यांच्या बाजूचे तज्ज्ञ मात्र म्हणायचे, शिसं तर प्रत्येकाच्या रक्तात सापडतं, म्हणजे ते नैसर्गिकच आहे. पॅटरसन म्हणत, प्रत्येकात सापडतं ते नेहमीचं झालं, नैसर्गिक कशावरून? इथे जरा थांबून विचार करा. पावसात सगळा वर्ग भिजला असेल, तर कोरडं म्हणजे कसं, हे कुणाकडे बघून कळणार?

म्हणून पॅटरसन ‘कोरडं’ काहीतरी शोधायला निघाले. खोल समुद्राचं पाणी पृष्ठभागावर यायला शेकडो वर्षं लागतात, म्हणजे तळाशी जुनं पाणी. तिथे शिसं कमी आणि वरच्या थरांत जास्त निघालं. मग ते ग्रीनलंडला गेले. तिथे दर वर्षीच्या हिमावर पुढच्या वर्षीचं हिम साचतं, खाली जावं तसा जुना बर्फ लागतो. १९६९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी छापलं, की सुमारे २८०० वर्षांपूर्वीच्या बर्फाच्या तुलनेत १९६५ च्या हिमात २०० पटींहून जास्त शिसं आहे. पुढे त्यांनी पेरू देशातली १६०० वर्षांपूर्वीची माणसांची हाडं तपासली. आजच्या माणसांच्या हाडांत त्यांच्या शेकडो पट शिसं भरलं. दरम्यान तेल कंपन्यांकडून मिळणारे संशोधनाचे पैसे बंद झाले होते. हवेतल्या शिशावर सरकारी सल्ल्यासाठी समिती नेमली गेली, तर या विषयातल्या इतक्या जाणत्या माणसाला तिच्यात जागाच नाही! पॅटरसन तरीही बोलत राहिले.

आणि मग मदतीला आले दुधाचे दात. आपल्याकडे पडलेला दात कुणी कौलावर फेकतं, कुणी मातीत पुरतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात हर्बर्ट नीडलमन नावाच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांकडे ते दात मागितले. दोन हजारांहून जास्त मुलांनी दिले! दातात शिसं साठून राहतं, म्हणजे आजवर शरीरात किती गेलं याची ती नोंदच. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धिमापनाच्या चाचण्यांत मागे पडत होती आणि त्यांचं वर्गात लक्ष लागत नव्हतं. ती आजारी दिसत नव्हती, हे लक्षात ठेवा. १९७९ साली हे प्रसिद्ध झालं.

अमेरिकेत तोवर शिसं कमी करायला सुरुवात झालीच होती. १९८० च्या आसपास तिथल्या लहान मुलांच्या रक्तात जितकं शिसं होतं, त्याच्या चौथ्या हिश्शाइतकंच ते दहाएक वर्षांत उरलं. पॅटरसन ५ डिसेंबर १९९५ रोजी गेले. १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या गाड्यांसाठी शिसंवालं पेट्रोल विकायला बंदी आली. महिनाही पुरता झाला नव्हता. भारतात ते २००० साली थांबलं. आजोबांना विचारा, पंपावर ‘अनलेडेड’, म्हणजे बिनशिशाचं, असं लिहिलेलं त्यांना आठवत असेल. जगात सगळ्यात शेवटी ते अल्जीरियात बंद झालं, २०२१ साली.

म्हणजे आता धूळ निर्धोक झाली का? नाही ना. हवेतली धूळ आपण वजनावर मोजतो, पण समुद्राच्या मिठाचा कण आणि बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्टीतल्या धुराचा कण वजनाला सारखे भरले, तरी शरीराला सारखे नाहीत. टायर किंवा प्लास्टिक जाळलं की काजळीवर स्वार होऊन बेन्झोपायरीन येतं, ज्यानं कर्करोग होऊ शकतो. म्हणून भारताच्या २००९ च्या हवेच्या मानकांत धुळीच्या वजनाबरोबरच शिसं, आर्सेनिक, निकेल आणि बेन्झोपायरीन यांच्याही वेगळ्या मर्यादा आहेत. थंडीत शेकोटी पेटवाल तेव्हा टायर बाजूला ठेवा, आणि कुणी टाकायला लागलं तर त्याला हे बेन्झोपायरीनचं नाव सांगा.

ग्रीनलंडचं मात्र राहिलंच. शास्त्रज्ञांनी तिथलं ताजं हिम पुन्हा तपासलं आणि १९९१ साली निष्कर्ष छापले. वीसेक वर्षांत त्यातलं शिसं सात पटींहून जास्त घटलं होतं. तुमच्या जन्माच्या वर्षी पडलेलं हिमही तिथे आहे, नंतर पडलेल्या हिमाखाली दबलेलं.