उन्हावर चालणारा लसीचा फ्रीज

गोवराची लस उष्णतेने निकामी होते. पेंटाव्हॅलंट व धनुर्वाताची उलट गोठली की वाया जाते. दोन्हींना हवे २ ते ८ अंश सेल्सिअस. त्यामुळे वाडीवर वीज गेल्याचे ऐकले की मला आधी लसीची काळजी वाटते.

यावर कोळशाचा फ्रीज हा एक उपाय आहे. खास तयार केलेला सच्छिद्र कोळसा रात्री गार झाला की मिथेनॉलची वाफ स्वतःवर धरून ठेवतो. मग मिथेनॉल भराभर उडते, उडताना आतली उष्णता नेते आणि पाण्याचा बर्फ होतो. दिवसा उन्हाने कोळसा तापला की वाफ सुटते, तिचा पुन्हा द्रव होतो. मोटार नाही, वीज नाही. खोट एकच, पण मोठी: कोळशातून उष्णता फार सावकाश वाहते, म्हणून बर्फ कमी मिळतो. थर पातळ करून त्यात धातूच्या पट्ट्या बसवल्या तर काम सुधारते. (मिथेनॉल विषारी, तेव्हा टाकी पक्की बंद हवी!)

सांगलीकडच्या जतच्या उन्हात हे जमावे. साताऱ्यातल्या पाटणच्या पावसाळ्यात मात्र बर्फाच्या अस्तराचा विजेचा फ्रीजच बरा. दिवसाकाठी सलग ८ तास वीज त्याला पुरते.

वाचकहो, पोलिओच्या कुपीवरचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद दिसला, तर दुसरी कुपी मागा.