कब्रस्तानातली चिंच आणि येडशीचे रान

येडशीच्या रामलिंग घाटात पहाटे उभे राहिले की आधी मोर ऐकू येतो, मग तित्तिर, मग कुठूनतरी तांबटाची टुक-टुक. बालाघाटच्या डोंगरातले हे पानगळीचे रान १९९७ साली अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. आपला धाराशिव जिल्हा साडेसात हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे चहूकडे शेती, रस्ते, वस्ती आणि मध्ये रानाचा हा एक तुकडा.

पाखराला पंख आहेत, त्याला तुकड्याची काय अडचण, असे आम्हालाही वाटायचे. पण सगळी पाखरे सारखी नसतात. कावळा, साळुंकी, कोतवाल उघड्यावर सहज वावरतात. दाट झाडीतली कितीतरी लहान पाखरे मात्र उघडे शेत ओलांडायला बिचकतात. वर शिकरा टपलेला असतो. रानाचे तुकडे जितके लहान आणि दूर, तितकी ही पाखरे कमी होतात. एखाद्या दुष्काळात एका तुकड्यातून ती गेली, तर त्यांची जागा भरायला दुसरीकडून कोणी येत नाही.

यात नुकसान रानाचेही आहे. बुलबुल, कोकीळ फळे खातात आणि वड, उंबर, कडुलिंबाचे बी दूर नेऊन टाकतात. पाखरू थांबले की रानाची पेरणी थांबते.

डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. मुंबईच्या एका मुस्लिम घरातल्या या मुलाने पुढे साऱ्या देशाला पाखरे ओळखायला शिकवले. आपण निदान गावातली तरी ओळखू या.

रानाचे तुकडे जोडणार कोण? बांधावरचा कडुलिंब, ओढ्याकाठची झाडी, गावची देवराई आणि आपले कब्रस्तान. तिथे नांगर फिरला नाही, म्हणून कितीतरी गावांत जुनी चिंच आणि बोरी-बाभळीची जाळी टिकून आहे. उडत्या पाखराचा तो वाटेतला विसावा आहे.

पण शबे-बरात जवळ आली की आपण काय करतो? साफसफाईच्या नावाखाली कुंपणालगतची झुडपेही तोडून पेटवून देतो. वाळके खोड पाडतो आणि त्याच्या ढोलीतला पिंगळा बेघर होतो. आम्हीही हे केले आहे.

यंदा एवढे करू या. वाट आणि कबरी स्वच्छ करू, कडेची जाळी राहू देऊ. ढोलीचे झाड पडण्याचा धोका नसेल तर त्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात मुलांच्या हाताने एक वड, एक उंबर लावू. आपण लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदकाच, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या पाखराला येडशीहून आपल्या गावापर्यंत पोहोचता आले पाहिजे, इतकेच.