उंदराच्या रक्तातलं संततिनियमन

मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांत माडावर चढून शहाळी पोखरणारा उंदीर आणि भातखाचराच्या बांधात बीळ करणारी घूस यांच्याबद्दल प्रेम वाटायचं काही कारण नाही. पण अशा प्राण्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर कधीकधी त्यात तांबड्या पेशींना धक्के देत वळवळणारे जीव सापडतात. ट्रिपॅनोसोमा लुइसाय हे त्यांचं नाव. टिमथी लुईस यांनी १८७८ च्या सुमारास कलकत्त्याच्या उंदरांत ते पाहिले. त्यांची ने-आण पिसवा करतात. प्लेग पसरवणाऱ्या, १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत कसून अभ्यासलेल्या पिसवाही त्यांतच आल्या. उंदीर अंग चाटतो, पिसवेची विष्ठा पोटात जाते, की झालं!

खरी नवलाई पुढे आहे. परजीवी भराभर वाढू लागतात आणि उंदराचं शरीर एक प्रतिद्रव्य तयार करतं. ते परजीवींना मारत नाही, फक्त त्यांचं विभाजन थांबवतं. संशोधक टॅलिआफेरो यांनी १९२४ मध्ये ते दाखवून दिलं आणि पुढे त्याला ‘अ‍ॅब्लास्टिन’ म्हटलं. परजीवी जिवंत, मजेत पोहतायत, पण पाळणा बंद! काही आठवड्यांत उरलेल्यांचाही निकाल लागतो. उंदीर मात्र बहुतेक वेळा ठणठणीत.

मग संशोधकांनी उंदरांना कॉर्टिसोन टोचलं. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं. पाळणा पुन्हा हलू लागला, रक्त परजीवींनी भरून गेलं आणि एरवी निरुपद्रवी असलेल्या या संसर्गाने उंदीर मेले. परजीवी तेच होते. पहारा तेवढा उठला होता.

म्हणजे प्रतिकारशक्ती दाबली की नुकसानच? इतकं सरळ नाही. प्लाझ्मोडियम बर्घाय हा उंदरांचा मलेरिया. त्याच्या एका वाणाने प्रयोगशाळेतल्या काही जातींचे उंदीर आठवड्याभरात मेंदूच्या विकाराने मरतात, आणि त्यात परजीवींइतकाच उंदरांच्या स्वतःच्या, प्रतिकार करणाऱ्या टी-पेशींचा हात असतो. नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून मिळालेलं सायक्लोस्पोरिनही प्रतिकारशक्ती दाबतं; ते आज मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात. तेच या उंदरांना अगदी कमी मात्रेत दिलं, तर परजीवी रक्तात राहूनही मेंदू वाचतो. मात्रा वाढवली, तर हे औषध थेट मलेरियाच्या परजीवीलाच मारतं.

कमी मात्रेने मेंदू वाचलेले ते उंदीर मात्र पुढे बहुधा रक्तक्षयाने मरतात.