पोलादनगरीत परिषद भरवताना

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा भिलाई ज्या राज्यात होती त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात आलं, भिलाईचा दुर्ग जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगडचा झाला. राजधान्या बदलल्या, पण गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग असा जाणारा हावडा-मुंबई लोहमार्ग तोच राहिला. त्या मार्गाने विदर्भातली कितीतरी घरं नोकरीसाठी भिलाईला गेली आणि तिथलीच झाली. म्हणून भिलाईविषयी मराठीत लिहिताना परक्या गावाविषयी लिहितो आहोत असं वाटत नाही.

हा लेख कारखान्यावर नाही. भिलाईसारख्या औद्योगिक गावात व्यवसायाच्या बैठका, परिषदा, कार्यशाळा कुठे आणि कशा भरतात, तिथली हॉटेलं त्यासाठी काय करतात आणि काय करायला हवं, हा विषय आहे. वरवर पाहता तो हॉटेलवाल्यांपुरता आणि इव्हेंट मॅनेजरांपुरता वाटेल. प्रत्यक्षात तो आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला येतो. कुणी डॉक्टरांच्या संघटनेचा सचिव असतो, कुणी वितरकांचा मेळावा भरवतो, कुणाच्या गळ्यात अभियंत्यांच्या वार्षिक अधिवेशनाची जबाबदारी पडते. अशा वेळी दोनशे माणसांना दोन दिवस एका छताखाली बसवायचं म्हणजे काय, हे पहिल्यांदा कळतं.

या व्यवसायाची सुरुवात अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये झाली असं मानतात. १८९६ मध्ये तिथल्या एका पत्रकाराने लिहिलं, की आपल्या गावात आपणहून इतकी अधिवेशनं येतात, तर ती मुद्दाम बोलावली तर गावाचा किती फायदा होईल. त्यातून अधिवेशनं गावात आणण्याचं काम करणारी पहिली संस्था उभी राहिली. भारतात हे काम सरकारने अंगावर घेतलं ते १९५६ साली. युनेस्कोचं सर्वसाधारण अधिवेशन दिल्लीत भरायचं होतं, म्हणून अशोक हॉटेल बांधलं गेलं आणि विज्ञान भवनही त्याच वर्षी उभं राहिलं. पुढे १९८८ मध्ये परिषदा देशात आणण्यासाठी इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्यूरो स्थापन झाला. गेल्या काही वर्षांत तर मोठ्या सभागृहांची रांगच लागली : मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर २०२२ मध्ये, दिल्लीत भारत मंडपम जुलै २०२३ मध्ये आणि द्वारकेतली यशोभूमी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.

हे झालं हजारोंच्या परिषदांचं. देशातल्या बहुतेक व्यावसायिक बैठका पन्नास ते तीनशे माणसांच्या असतात आणि त्यांना भारत मंडपम लागत नाही. त्यांना एक नीट हॉल, साठ-सत्तर स्वच्छ खोल्या, न तुटणारी वीज आणि वेळेवर येणारा चहा लागतो. भिलाईचा विचार इथून सुरू होतो.

भिलाईत पाहुण्यांची सोय बराच काळ कारखान्यानेच केली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, तोवर सेक्टरवार आखलेली वसाहत आकार घेत होती. दहा लाख टनांच्या क्षमतेने सुरू झालेला कारखाना पुढे पंचवीस लाखांवर आणि मग चाळीस लाखांवर गेला. रशियन तंत्रज्ञ, दिल्लीचे अधिकारी, यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्यांची माणसं सतत येत राहिली. भिलाई निवास आणि भिलाई हाउस ही कारखान्याची अतिथिगृहं, सिव्हिक सेंटरमधलं महात्मा गांधी कलामंदिर, प्रशिक्षण केंद्रातली सभागृहं या सगळ्यांमुळे खासगी हॉटेलाची निकड फारशी भासली नाही. तांत्रिक चर्चासत्रं कारखान्याच्या आवारातच होत. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सची भिलाई शाखा, क्वालिटी सर्कल फोरमची भिलाई शाखा अशा संस्थांमुळे परिषद भरवण्याची सवय या गावाला हॉटेलांच्या आधीपासून आहे. कामगारांच्या गटाने व्यासपीठावर उभं राहून आपल्या विभागातली अडचण आणि तिच्यावरचा उपाय मांडायचा, ही क्वालिटी सर्कलची पद्धत मला कुठल्याही चकचकीत कॉर्पोरेट सादरीकरणापेक्षा मोलाची वाटते.

खासगी हॉटेलं वाढली ती जी. ई. रोडच्या, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोडच्या आसपास. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, तोच हा रस्ता. ग्रँड ढिल्लों, अमित पार्क इंटरनॅशनल ही त्यातली नावं भिलाईकरांच्या तोंडी असतात. राज्य झाल्यावर रायपूर राजधानी झालं आणि हयात, मॅरियटचं कोर्टयार्ड अशा साखळी हॉटेलांनी तिथे जागा घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० च्या फ्रेमवर्क वर्किंग ग्रुपची बैठकही नवा रायपूरला झाली. भिलाई रायपूरहून जेमतेम तीस किलोमीटरवर. त्यामुळे मोठी परिषद रायपूरला आणि मधली बैठक भिलाईला, अशी वाटणी आपोआप होत गेली.

मधल्या आकाराच्या गावांतली हॉटेलं आपले हॉल लग्नासाठी बांधतात. यात त्यांचा दोष नाही, पैसा लग्नात आहे. पण लग्नाचा हॉल आणि परिषदेचा हॉल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लग्नात झुंबर हवं, परिषदेत झुंबर पडद्याच्या आड येतं. लग्नात आवाज घुमला तरी कुणाचं बिघडत नाही. परिषदेत वक्त्याचं वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही तर दोन दिवसांचा खर्च वाया जातो. लग्नात सरकत्या भिंतीपलीकडे बँड वाजला तर शोभा वाढते. परिषदेत त्याच भिंतीपलीकडे कुणाची हळद सुरू झाली, की चर्चासत्र तिथेच संपतं.

म्हणून हॉल पाहायला जाणाऱ्याने बँक्वेट मॅनेजरला ‘किती माणसं बसतात?’ एवढंच विचारून येऊ नये. उत्तर नेहमी थिएटर पद्धतीचं मिळतं, म्हणजे नुसत्या खुर्च्यांच्या रांगा, माणशी सुमारे दहा चौरस फूट. समोर टेबल हवं असेल, लिहायचं असेल, तर क्लासरूम पद्धतीला माणशी पंधरा ते अठरा चौरस फूट लागतात. ‘तीनशेचा हॉल’ तेव्हा पावणेदोनशेचा होतो. गटचर्चेसाठी गोल टेबलं मांडायची तर खुर्च्या पडद्याकडे पाठ करून ठेवता येत नाहीत, म्हणून संख्या आणखी घटते. पडद्याचंही गणित आहे : पडद्याच्या उंचीच्या सहा ते आठ पटींपेक्षा दूर बसलेल्याला आकडे वाचता येत नाहीत. सहा फुटी पडदा असेल तर चाळीस-पंचेचाळीस फुटांपलीकडे बसलेला माणूस नुसता ऐकतो. ही मोजमापं घेऊन गेलात तर हॉटेलवालाही तुम्हाला वेगळ्या गांभीर्याने घेतो.

तारखेचा प्रश्न तर आपल्या पंचांगातच सुटतो. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि हॉल मिळेनासे होतात. मग डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत, सूर्य धनु राशीत असतो तो महिना, ज्याला तिकडे खरमास म्हणतात, लग्नं थांबतात. छत्तीसगडात थंडी याच दिवसांत सुखाची असते. हॉल रिकामे, हवा उत्तम, दर बोलण्यासारखे. तरीही अनेक संस्था आपली अधिवेशनं फेब्रुवारीत ढकलतात आणि ऐन मुहूर्तात सापडतात. अक्षय्य तृतीयेला, छत्तीसगडच्या अक्तीला, तर परिषदेचा विचारही करू नये. तो तिथला लग्नांचा मोठा दिवस. मार्चही नको, कारण वर्षअखेरीच्या हिशेबात कारखान्याची आणि बँकांची माणसं जागची हलत नाहीत.

आता बदलांकडे येऊ. कोविडनंतर परिषदांची रीत पालटली, आणि तो बदल टिकला आहे. दोन वक्ते प्रत्यक्ष येतात, तिसरा पडद्यावरून बोलतो, काही सभासद घरूनच ऐकतात. अशा वेळी हॉटेलचं ‘फ्री वाय-फाय’ उपयोगाचं नाही. दोनशे फोन एकाच वेळी त्याला जोडले की ते बसतं. प्रक्षेपणासाठी स्वतंत्र तारेची जोडणी हवी, आणि डाउनलोडइतकाच अपलोडचा वेग तपासायला हवा. ही चाचणी आदल्या दिवशी, त्याच हॉलमध्ये, त्याच यंत्रांवर व्हायला हवी. जनरेटर आहे का, हे सगळे विचारतात. वीज गेल्यावर जनरेटर चालू होईपर्यंतच्या क्षणांत प्रोजेक्टर आणि राउटर यूपीएसवर आहेत का, हे कुणी विचारत नाही.

दुसरा बदल वेळापत्रकातला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा भाषणं ऐकायला लोक आता तयार नसतात. सत्रं तोकडी झाली, मधला वेळ वाढला. हे चांगलंच झालं. माणसं प्रवास करून येतात ती एकमेकांना भेटायला, आणि खरं काम पुष्कळदा चहाच्या टेबलाशी होतं. मग ते टेबल हॉलच्या दाराशी एकच लावून दोनशे माणसांची रांग का लावायची? तीन ठिकाणी चहा ठेवला तर पंधरा मिनिटांची सुट्टी पंधरा मिनिटांतच संपते. जेवणाचंही तसंच. पनीरचे तीन प्रकार आणि नान यांऐवजी छत्तीसगडचा चिला, फरा, भाताचे पदार्थ, ठेठरी-खुरमी वाढली तर बाहेरून आलेल्याला आपण कुठे आलो हे कळतं आणि दुपारच्या सत्रात झोपही कमी येते. जेवणाऱ्यांचा पक्का आकडा हॉटेलला दोन-तीन दिवस आधी द्यावा लागतो आणि त्या आकड्याचे पैसे द्यावेच लागतात. आयोजक भीतीपोटी तो वाढवून सांगतात, हॉटेल त्यावर थोडं जास्त रांधतं आणि रात्री ते सगळं उरतं. नोंदणी करतानाच प्रत्येकाने कुठल्या वेळचं जेवण घेणार हे लिहून दिलं तर ही नासाडी बरीच थांबते.

कराची एक बाब फार कमी आयोजकांना माहीत असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झाला, त्यावरच्या खोलीवर तो अठरा टक्के आहे. खोली आणि हॉल यांच्या बाबतीत कराचं ठिकाण म्हणजे इमारत जिथे आहे ते राज्य. नागपूरच्या कंपनीने भिलाईत परिषद घेतली तर हॉटेल छत्तीसगडचा कर लावतं, आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्या कराचं क्रेडिट तिला मिळत नाही. आयोजनाची सेवा देणाऱ्या इव्हेंट कंपनीचं बिल वेगळं असेल, तर त्या सेवेचं ठिकाण नोंदणीकृत ग्राहकाच्या पत्त्यावरून ठरतं. अंदाजपत्रक मांडण्याआधी आपल्या सीएला हे विचारावं. परिषद झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

हे सारं कुठल्याही गावाला लागू आहे. मग भिलाईच का? कारण भिलाईत परिषदेच्या विषयाची वस्तू डोळ्यांसमोर असते. ज्या गावात १३० मीटर लांबीचा रूळ एकसंध लाटला जातो आणि दोन रूळ जोडून २६० मीटरचं पॅनेल रेल्वेला रवाना होतं, तिथे धातुशास्त्र, रेल्वे, सुरक्षितता, देखभाल, ऊर्जाबचत यांवर बोलायला बसलेल्या माणसाला फोटोंवर भागवावं लागत नाही. आयआयटी भिलाई २०१६ मध्ये रायपूरच्या तात्पुरत्या जागेत सुरू झाली, आता कुटेलाभाठाला तिचा स्वतःचा परिसर आहे. तो २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. १९८६ पासूनचं भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी दुर्गला आहे, स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ भिलाईत आहे. वक्ते, विद्यार्थी, प्रयोगशाळा आणि भट्टी एकमेकांपासून थोड्या मिनिटांच्या अंतरावर असलेली गावं देशात फार नाहीत. हॉटेलांनी आणि कारखान्याने एकत्र बसून ‘एक दिवस चर्चा, एक दिवस कारखाना’ असा ठराविक कार्यक्रम देऊ केला, तर भिलाईला रायपूरशी झुंबरांची स्पर्धा करावी लागणार नाही. कारखान्याला भेट द्यायची तर परवानगी आधीच काढावी लागते. पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा असतो. नावांची यादी आणि ओळखपत्रं वेळेत द्यावी लागतात, बंद बूट आणि हेल्मेट लागतं, फोटो काढता येत नाहीत. आयोजकाने हे निमंत्रणपत्रातच छापावं.

मराठी माणसाला सभा-संमेलनांची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं ते १८७८ मध्ये, आणि १९८१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन गंगाधर गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली रायपूरला झालं. छत्तीसगडात शेकडो मराठी पाहुण्यांची सोय तेव्हाच्या साधनांत झाली, तर आज ती अवघड नाही.

विदर्भातल्या अभियंत्यांच्या, उद्योजकांच्या आणि डॉक्टरांच्या संघटनांना म्हणून एक विनंती. पुढचं वार्षिक अधिवेशन ठरवताना गोवा आणि लोणावळा यांच्या शेजारी भिलाईचं नावही यादीत लिहा. तारीख जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातली घ्या, हॉल स्वतः मोजून पाहा, आणि कारखान्याच्या परवानगीचा अर्ज सगळ्यात आधी करा. नागपूर ते दुर्ग अंतर सुमारे २६५ किलोमीटर आहे. नागपूरहून दुपारी सुटणारी बिलासपूर वंदे भारत संध्याकाळी दुर्गला पोचवते, आणि तिथून भिलाई शेजारीच आहे.