आकड्यांत साठविलेला स्वर

पलासियापासून राजवाड्यापर्यंत इंदुरातील मराठी घरांत गाणे ऐकण्याची व जपून ठेवण्याची हौस जुनी आहे. उस्ताद अमीर खाँ ह्याच शहरात वाढले; जवळच्या देवासला कुमार गंधर्व राहिले. अमीर खाँसाहेब १९७४ साली निवर्तले, आणि कॉम्पॅक्ट डिस्क ही तबकडी बाजारात आली ती १९८२ साली. तरीही त्यांचा आवाज ह्या तबकडीवर ऐकावयास मिळतो. चुंबकीय फितीवरचा तो आवाज तबकडीत कोणत्या रूपाने उतरला, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. संग्रह कसा जपावयाचा, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाच ही ध्वनिलहरीचीच प्रतिकृती होय. हवा जशी कंप पावली तशी ती खाच वळते, आणि दर वेळी सुई फिरली की थोडी झिजते. कॉम्पॅक्ट डिस्कवर अशी प्रतिकृती नसते. तेथे असतात ते केवळ आकडे. तापकऱ्याचा ताप ठराविक वेळाने मोजून कागदावर मांडला, म्हणजे त्या बिंदूंवरून ज्वराची चढउतार रेषा काढता येते. ध्वनीचेही तसेच केले जाते. मात्र येथे मोजणी सेकंदास ४४,१०० वेळा होते. हा आकडा सकारण आहे. ज्या कंपनांची नोंद करावयाची, त्यांच्या दुपटीहून अधिक वेगाने मोजमाप केले, तर मूळची लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते, असा सिद्धान्त आहे. क्लॉड शॅनन ह्यांनी १९४९ साली तो सुस्पष्टपणे मांडला. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपलीकडे ऐकू येत नाही, म्हणून ४४,१०० नोंदी पुरतात.

प्रत्येक नोंद शून्य आणि एक ह्या दोनच अंकांच्या सोळा स्थानांत लिहितात. त्यामुळे लहरीची उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविता येते. डाव्या व उजव्या कानांसाठी नोंदी वेगळ्या असतात. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या गायनासाठी अशा सुमारे ३९ कोटी संख्या लागतात.

ह्या संख्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तबकडीवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने उमटविलेल्या असतात. त्यावर अल्युमिनियमचा पातळ थर व त्यावर लाखेसारखे संरक्षक लेपन असते. खळग्यांची रांग आतून बाहेर सर्पिल जाते. तिच्या दोन वळणांत १.६ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित अधिक, अंतर असते. रांग सरळ केली तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरेल. तिच्यावर लेसर किरण पडतो. सपाटीवरून तो पुरता परततो, खळग्यावरून क्षीण होऊन. खळगा म्हणजे एक आणि सपाटी म्हणजे शून्य, असा मात्र समज करून घेऊ नये. खळग्याचा आरंभ किंवा शेवट, म्हणजे जेथे पालट होतो ती कड, हा एक. कडांमधील अंतर हे शून्य. सुई नाही, स्पर्श नाही. म्हणून वाजविण्याने झीजही नाही.

परंतु धूळ व ओरखडे कोणास चुकले आहेत? ह्यावरचा उपाय आपल्या परंपरेस अपरिचित नाही. वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे प्रकार योजिले. तेच शब्द निरनिराळ्या क्रमाने पुन्हा येत असल्यामुळे एखाद्या ठिकाणची चूक लगेच उघडी पडते. तबकडीवर दर चोवीस अक्षरांमागे (येथे अक्षर म्हणजे आठ अंकांचा गट) आठ जादा ताळ्याची अक्षरे गणिताने काढून जोडतात; त्यांवरून पुसलेले अक्षर पुन्हा काढता येते. ह्या गणिताची पायाभरणी रीड व सॉलोमन ह्या गणितज्ञांनी १९६० साली केली. शिवाय लगतची अक्षरे तबकडीवर दूरदूर विखरून ठेवतात, म्हणजे एक ओरखडा एकाच शब्दाचा घात करीत नाही. रांगेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर मजकूर नष्ट झाला, तरी तो पूर्णपणे भरून काढता येतो.

ह्यावरून तबकडी पुसण्याची रीतही कळते. ती मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोलगोल नव्हे. कारण गोल ओरखडा रांगेच्या दिशेने जाऊन लांबलचक मजकूर खातो. तसेच छापील नावाच्या बाजूस अधिक जपावे. त्या पातळ लेपनाखालीच अल्युमिनियमचा थर असतो.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. हस्तलिखिताची प्रत करताना पाठभेद शिरतात. म्हणूनच शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण करावे लागले. फितीवरून फीत उतरवितानाही खरखर वाढत जाते. आकड्यांची बिनचूक नक्कल मात्र मूळाहून भिन्न नसते. शंभरावी प्रतही पहिलीइतकीच शुद्ध. पण आकडे अविनाशी असले तरी पात्र नाशवंत आहे. विशेषतः घरी किंवा कार्यालयात भरून घेतलेल्या तबकड्यांत खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो. ऊन व उष्णता ह्यांनी तो बिघडतो. शिवाय ताळ्याची व्यवस्था लहानसहान दोष झाकीत राहते, म्हणून तबकडी खालावत असल्याचे कानास कळत नाही. मर्यादा ओलांडली म्हणजे मात्र ती एकाएकी अडखळते.

शाळांच्या व संस्थांच्या कपाटांत व्याख्यानांच्या, कविसंमेलनांच्या, निवर्तलेल्या शिक्षकांच्या आवाजाच्या अशा तबकड्या पडून असतील. त्या कुलपात ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. त्या वाचता येतात तोवर त्यांतील आकडे नव्या साधनांवर, निदान दोन ठिकाणी, उतरवून घेतले पाहिजेत. वेद टिकले ते पोथ्या बंद ठेवल्यामुळे नव्हे, तर पिढीने पिढीला म्हणून दाखविल्यामुळे.