गॅसवर चालणारे जहाज: सुरक्षेचे नियम आणि आराखड्याची मान्यता

घरातल्या सिलिंडरमधून गॅस गळला तर आधी वास येतो. तो वास मुळात गॅसचा नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या रसायनाचा असतो. जहाजावर इंधन म्हणून भरलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूला, म्हणजे एलएनजीला, असा वास देता येत नाही. एलएनजी साधारण उणे 162 अंश सेल्सिअसवर साठवलेला असतो आणि त्या तापमानाला मरकॅप्टन गोठते. त्यामुळे जहाजावर नाकावर भरवसा ठेवता येत नाही. गळती उपकरणानेच ओळखावी लागते.

या इंधनाचे आणखी काही गुण लक्षात घ्या, कारण पुढचा प्रत्येक नियम त्यांतूनच आला आहे. एलएनजी प्रामुख्याने मिथेन असतो. द्रव स्थितीत त्याचे आकारमान वायूच्या सुमारे सहाशेव्या भागाइतके असते. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच तो पेटतो. सामान्य तापमानाला तो हवेपेक्षा हलका असतो आणि वर जातो. पण नुकत्याच बाहेर पडलेल्या अतिथंड एलएनजीची वाफ, उणे 110 अंशांच्या आसपास येईपर्यंत, हवेपेक्षा जड असते आणि डेकवर पसरत जाते. शिवाय हे द्रव जहाजाच्या साध्या पोलादावर सांडले तर पोलाद ठिसूळ होऊन तडकते. म्हणजे आग लागली नाही तरी सांडणे हाच एक अपघात आहे.

नियमच आड येत होता

समुद्रावरील सुरक्षेचा मूळ आंतरराष्ट्रीय करार म्हणजे सोलास. त्यातील जुना नियम असा, की काही मोजके अपवाद सोडले तर 60 अंशांपेक्षा कमी फ्लॅश पॉइंट असलेले इंधन जहाजावर वापरता येणार नाही. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान. मिथेनसाठी ते उणे 180 अंशांच्याही खाली आहे. एलएनजी वाहून नेणाऱ्या जहाजांना टाकीत आपोआप तयार होणारी वाफ जाळण्याची मुभा 1960च्या दशकापासून होती, कारण त्यांच्यासाठी वेगळे नियम होते. इतर जहाजांना मात्र दार बंद होते.

ते दार नॉर्वेने उघडले. 2000 साली तिथे ‘ग्लुत्रा’ ही मोटारी आणि प्रवासी नेणारी फेरी सुरू झाली. एलएनजीची वाहतूक न करता केवळ इंधन म्हणून एलएनजी वापरणारे हे पहिले जहाज मानले जाते. तयार नियमावली नसताना नॉर्वेच्या सागरी प्रशासनाला ती तपासावी लागली. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2009 मध्ये तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वे दिली. जून 2015 मध्ये आयजीएफ संहिता स्वीकारली आणि 1 जानेवारी 2017 पासून ती सोलासखाली बंधनकारक झाली.

संहिता लांबलचक आहे, पण तिचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. गॅसवरची यंत्रणा तेलावरच्या नव्या, तुल्य यंत्रणेइतकीच सुरक्षित आणि भरवशाची हवी. आणि कोणताही एक भाग बिघडल्याने धोकादायक किंवा बेभरवशाची स्थिती येता कामा नये. ‘बेभरवशाची’ हा शब्द विद्यार्थी वाचून पुढे जातात. तिथे थांबा. स्फोट टाळण्यासाठी सगळे बंद केले आणि जहाज वादळात इंजिनाविना तरंगत राहिले, तर ते सुरक्षित झाले असे म्हणता येत नाही.

इंजिनखोलीचे दोन मार्ग

हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो तो इंजिनखोलीत. संहितेने इथे दोन मार्ग दिले आहेत.

पहिला मार्ग ‘गॅससुरक्षित’ खोलीचा. यात गॅसची नळी दुसऱ्या नळीच्या आत असते. दोन भिंतींमधल्या पोकळीत एक तर गॅसपेक्षा जास्त दाबाचा निष्क्रिय वायू भरलेला असतो, किंवा तिथली हवा तासाला किमान 30 वेळा बदलली जाते. आतली नळी फुटली तरी गॅस पोकळीतच राहतो. खोलीच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते, म्हणून तिथे नेहमीची विद्युत उपकरणे चालतात.

दुसरा मार्ग ‘आपत्कालीन बंद’ तत्त्वाचा. यात नळी एकपदरी असू शकते, पण गॅसचा दाब 10 बारपेक्षा कमी हवा. गॅस खोलीत येऊ शकतो हे इथे मान्य केलेले असते, आणि तो आला की खोलीचा गॅसपुरवठा बंद करून स्फोटरोधक नसलेल्या उपकरणांची वीज आपोआप तोडली जाते. याचाच अर्थ ती खोली निकामी होते. म्हणून संहिता सांगते की मुख्य इंजिने आणि जनित्रे किमान दोन खोल्यांत विभागलेली हवीत आणि त्या खोल्यांना सामाईक भिंत नसावी. सामाईक भिंत ठेवायची असेल तर एकाच दुर्घटनेने दोन्ही खोल्या जाणार नाहीत हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. ‘ग्लुत्रा’ची इंजिने वेगवेगळ्या खोल्यांत आहेत ती याच विचाराने.

आता आकडे घालून पाहू. समजा अशा एका खोलीचे आकारमान 300 घनमीटर आहे. तासाला 30 वेळा हवा बदलायची म्हणजे तासाला 9,000 घनमीटर, अर्थात सेकंदाला 2.5 घनमीटर हवा. पेटण्याची खालची मर्यादा 5 टक्के धरली, तर तिच्या 20 टक्क्यांवर, म्हणजे हवेत 1 टक्का मिथेन असताना, इशारा वाजला पाहिजे. 40 टक्क्यांवर, म्हणजे 2 टक्के मिथेन दोन संवेदकांनी नोंदवताच, यंत्रणा बंद झाली पाहिजे. सेकंदाला 2.5 घनमीटर हवेत 2 टक्के मिथेन म्हणजे सुमारे 0.05 घनमीटर, सेकंदाला 50 लिटर गॅस.

इतकी गळती होईपर्यंत खोली बंद पडणार नाही, असे उत्तर तुम्ही लिहाल. ते चूक आहे, कारण गणितात गॅस हवेत पूर्ण मिसळतो असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात छताच्या तुळयांमधे गॅसचा कप्पा साठू शकतो आणि चार मीटरवरच्या संवेदकाला पत्ता लागत नाही. म्हणूनच संवेदक कुठे बसवायचे हे गॅसच्या प्रसाराच्या विश्लेषणाने किंवा खोलीत प्रत्यक्ष धूर सोडून ठरवावे, अशी अट आहे. धुराची चाचणी जुनाट वाटते, पण आराखड्यात न दिसणारा कोपरा ती हमखास दाखवते.

टाकी

टाकीला मुख्य भीती टकरीची. जहाजाच्या रुंदीचा पाचवा भाग किंवा 11.5 मीटर, यांतील जे कमी असेल तेवढे अंतर टाकी आणि जहाजाची बाजू यांच्यात हवे. तळापासून रुंदीचा पंधरावा भाग किंवा 2 मीटर, यांतील कमी ते. 14 मीटर रुंद फेरीत प्रत्येक बाजूने 2.8 मीटर जातात, टाकीसाठी मध्ये 8.4 मीटर उरतात. अरुंद जहाजात हे जड जाते, म्हणून टकरीच्या संभाव्यतेवर आधारलेली पर्यायी पद्धतही दिली आहे.

वाफेचा प्रश्न वेगळा. उष्णता आत झिरपते, द्रव उकळते, दाब वाढतो. टाकी भरलेली आणि जहाज उभे असताना, फक्त राहण्यापुरती वीज चालू असताना, 15 दिवस सुरक्षा झडप उघडता कामा नये. आणीबाणीखेरीज मिथेन हवेत सोडणे मान्य नाही.

मान्यता कशी मिळते

जहाज ज्या देशाच्या ध्वजाखाली नोंदले जाते त्या देशाचे प्रशासन अंतिम जबाबदार असते, आणि तांत्रिक तपासणी बहुधा वर्गीकरण संस्था करते. भारतात हे प्रशासन म्हणजे नौवहन महासंचालनालय आणि देशी वर्गीकरण संस्था म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. दोघांची मुख्यालये मुंबईत आहेत.

नव्या कल्पनेला आधी ‘तत्त्वतः मान्यता’ मिळते. बातम्यांत तिचा गाजावाजा होतो, पण तिचा अर्थ इतकाच, की या टप्प्यावर कल्पना अडवावी असे काही दिसले नाही. बांधकामाचा परवाना तो नव्हे. त्यानंतर खरी छाननी होते: धोकादायक क्षेत्रांचा नकाशा, वायुवीजन, टाकीचे ताण, नळ्या, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा कारण-परिणाम तक्ता. कोणत्या संवेदकाने काय नोंदवले तर कोणती झडप बंद होईल, हे त्यात ओळीओळीने लिहिलेले असते. जहाज तयार झाल्यावर यातली प्रत्येक ओळ तपासनिसासमोर चालवून दाखवावी लागते.

जोखीम-विश्लेषणाबद्दल एक गैरसमज आहे. नैसर्गिक वायूसाठी संहितेने तपशीलवार नियम दिले असल्याने विश्लेषण फक्त नेमून दिलेल्या मुद्द्यांवर सक्तीचे आहे. उदाहरणार्थ, सांडलेले द्रव झेलणाऱ्या तबकाचे आकारमान, किंवा बंदिस्त जागेतली इंधन भरण्याची व्यवस्था. मिथेनॉल किंवा हायड्रोजन यांसारखे दुसरे कमी फ्लॅश पॉइंटचे इंधन असेल, तर संहितेचे तपशीलवार नियम लागू होत नाहीत. तिथे पर्यायी आराखड्याच्या वाटेने जाऊन तुल्य सुरक्षा पहिल्यापासून सिद्ध करावी लागते.

स्वतः करून पाहा: 16 मीटर रुंद फेरी, केवळ गॅसवर चालणारी, 400 घनमीटरची एकच इंजिनखोली, आपत्कालीन बंद तत्त्व, एकपदरी नळीत 8 बार दाब. टाकीसाठी उपलब्ध रुंदी आणि आवश्यक वायुवीजन काढा. मग हा आराखडा तपासनीस कोणत्या कारणासाठी परत पाठवेल ते लिहा आणि तो मान्य होईल असे दोन वेगवेगळे बदल सुचवा.